पीकअपला दमदार पेट्रोल इंजिन परवडेल का?

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. मलकापूर-मोताळ्याकडून यायचे तर राजूर घाट आणि खामगावकडून यायचे तर बोथा घाट चढावा लागतो. मका, सोयाबीन, कापूस किंवा भाजीपाल्याने भरलेली पीकअप गाडी या चढणीला लागली, की चालक खालचा गिअर टाकतो आणि इंजिनाचा जड, खडखडीत आवाज दरीत घुमू लागतो. तो आवाज डिझेल इंजिनाचा आहे, हे कोणाला सांगावे लागत नाही. दीड-दोन टन माल वाहणाऱ्या पीकअपला डिझेलच हवे, हे समीकरण जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून पक्के आहे.

या समीकरणाला आता काही बाजूंनी धक्के बसू लागले आहेत. लहान मोटारींतून डिझेल जवळपास हद्दपार झाले. एक टनाखालील मालवाहू गाड्यांत पेट्रोल परत आले. आणि भारतीय कंपन्यांनीच आता अशी टर्बो पेट्रोल इंजिने तयार केली आहेत, की ओढण्याच्या ताकदीत ती पीकअपच्या डिझेल इंजिनाला सहज मागे टाकतील. मग हे इंजिन पीकअपमध्ये का बसत नाही, आणि पुढे कधी बसेल का? हा प्रश्न केवळ गाड्यांची हौस असणाऱ्यांचा नाही. पीकअपचे भाडे अखेरीस शेतमालाच्या किमतीतूनच वजा होते. म्हणून तो शेतकऱ्याचा आणि शहरात भाजी घेणाऱ्या ग्राहकाचाही प्रश्न आहे.

जीपच्या काळातले पेट्रोल

पेट्रोलवर चालणारी दमदार गाडी ग्रामीण महाराष्ट्राला नवी नाही. महिंद्रने स्वातंत्र्यानंतर भारतात ज्या विलिज जीप बनवल्या, त्यांत 'हरिकेन' नावाचे २.२ लिटरचे चार सिलिंडरी पेट्रोल इंजिन असे. याच कुळातील 'एफसी' ही चपट्या तोंडाची मालवाहू गाडीही सुरुवातीला पेट्रोलवरच धावत होती. १९७३ मध्ये जगात तेलसंकट आले, खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले आणि या इंजिनांचा खर्च झेपेनासा झाला. अनेक मालकांनी पेट्रोल इंजिन उतरवून जीपला डिझेल इंजिन बसवले. कंपनीनेही ट्रॅक्टरच्या घराण्यातील डिझेल इंजिन जीपमध्ये आणले. इंजिनात काही दोष नव्हता; त्याच्यात घालायचे इंधन महाग झाले होते. ही गोष्ट पुढील सर्व चर्चेत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्यानंतर सरकारी धोरणाने डिझेलला बळ दिले. शेती आणि वाहतुकीचे इंधन म्हणून डिझेलचा भाव वर्षानुवर्षे कृत्रिमरीत्या खाली ठेवला गेला. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे लिटर झाले, तेव्हा डिझेल अवघे ४० रुपये ९१ पैसे होते. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक असताना मालवाहू गाडीत पेट्रोल भरण्याचा विचारही कोणी केला नसता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि ही दरी आटली. मार्च २०२४ मधील कपातीनंतर दिल्लीत दोन्ही इंधनांच्या भावात सुमारे सात रुपयांचा, तर मुंबईत बारा रुपयांचा फरक उरला.

ताकद म्हणजे नेमके काय?

इंजिनाची ताकद म्हटले की सर्वसाधारण वाचकापुढे 'हॉर्सपॉवर' हा शब्द येतो. पीकअपच्या चालकाला मात्र टॉर्कशी, म्हणजे चाक फिरवणाऱ्या पिळाच्या जोराशी अधिक कर्तव्य असते. आणि तो जोर इंजिन संथ फिरत असताना मिळाला पाहिजे. भरलेली गाडी चढणीवर थांबली आणि पुन्हा हलवायची असली, तर उपयोगी पडतो तो हाच जोर.

डिझेल इंजिनाचे वर्चस्व येथेच होते. त्यात हवा सोळा ते अठरा पट दाबली जाते आणि त्या दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. पेट्रोल इंजिनात एवढा दाब दिला तर मिश्रण अवेळी भडकते व ठोके पडू लागतात. म्हणून तेथे साधारण दहा-अकरा पटींवर थांबावे लागते. दाब जितका अधिक, तितके उष्णतेचे कामात रूपांतर अधिक, असा हा सरळ नियम आहे. बोलेरो पीकअपचे २.५ लिटरचे डिझेल इंजिन सुमारे ७५ अश्वशक्तीचेच आहे. पण सुमारे २०० न्यूटन-मीटर टॉर्क ते मिनिटाला जेमतेम १४०० फेऱ्यांपासून देते.

टर्बोचार्जर आणि सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारण्याच्या तंत्राने हे चित्र पालटले. स्कॉर्पिओ-एन या प्रवासी गाडीत २०२२ मध्ये आलेले महिंद्रचे दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन सुमारे २०० अश्वशक्ती आणि ३७० ते ३८० न्यूटन-मीटर टॉर्क देते, तेही १७५० फेऱ्यांपासून. टाटानेही दीड लिटरचे असेच टर्बो पेट्रोल इंजिन तयार केले असून ते २०२५ मध्ये नव्या सिएरामध्ये आले. म्हणजे राजूर घाट चढण्यासाठी लागणारा जोर पेट्रोल इंजिनात नाही, असे आता कोणी म्हणू शकणार नाही. तांत्रिक आक्षेप बव्हंशी निकालात निघाला आहे. उरतो तो खर्चाचा आक्षेप.

एका लिटरचा हिशेब

हा आक्षेप किती मोठा आहे, ते साध्या अंकगणिताने पाहू. मुंबईतील मार्च २०२४ चे भाव धरले तर पेट्रोल १०४ रुपये २१ पैसे आणि डिझेल ९२ रुपये १५ पैसे. म्हणजे लिटरमागे पेट्रोल १३ टक्क्यांनी महाग. दुसरी बाब अशी, की एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा मुळातच अधिक ऊर्जा असते. त्यात आपल्या पंपांवरील पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश आहे. या मिश्रणाच्या एका लिटरमध्ये डिझेलच्या तुलनेत सुमारे १६ ते १७ टक्के ऊर्जा कमी भरते.

दोन्ही बाबी एकत्र केल्या, तर किलोमीटरमागे इंधनखर्च बरोबरीला आणण्यासाठी पेट्रोल इंजिन डिझेलपेक्षा एक-तृतीयांशाहून अधिक कार्यक्षम असावे लागेल. प्रत्यक्षात ते डिझेलहून कमीच कार्यक्षम असते. शिवाय टर्बो पेट्रोल इंजिनावर दीर्घकाळ पूर्ण भार पडला, तर त्याचे तापमान आटोक्यात ठेवण्यासाठी जादा इंधन फवारावे लागते. रिकाम्या रस्त्यावर समाधानकारक वाटणारा त्याचा 'ॲव्हरेज' दीड टन मालासह घाटात झपाट्याने कोसळतो तो यामुळेच. प्रवासी गाडी वर्षातून काही दिवस भरून चालते. पीकअप मात्र भरून चालण्यासाठीच घेतलेली असते.

वेगाच्या दृष्टीनेही २०० अश्वशक्ती वायाच जाणार. मेहकर आणि सिंदखेडराजा भागातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा असली, तरी मालवाहू वाहनांना ८० चीच मर्यादा आहे. पीकअपला तेथे तेवढाच वेग गाठायचा आहे आणि आजची डिझेल इंजिने तो गाठतात.

अमेरिकेत उलटे चित्र

मग अमेरिकेत पीकअप म्हणजे मोठे पेट्रोल इंजिन हे नाते कसे टिकले? तेथे डिझेलवरचा केंद्रीय कर गॅलनमागे २४.४ सेंट, तर पेट्रोलवरचा १८.४ सेंट आहे. पंपावरही डिझेल बहुधा महागच असते. शिवाय तेथील बहुतेक पीकअप घरगुती वापराच्या असतात. त्यामुळे आठ सिलिंडरांची 'व्ही-८' पेट्रोल इंजिने तेथे रुजली.

तीही अढळ राहिली नाहीत. फोर्डने २०११ च्या एफ-१५० मध्ये ३.५ लिटरचे सहा सिलिंडरी टर्बो इंजिन आणले. रॅमने २०२५ च्या मॉडेलमधून 'हेमी व्ही-८' काढून तीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे टर्बो इंजिन बसवले. त्याचे नावही योगायोगाने 'हरिकेन'च. आकाराने लहान असूनही ते हेमीपेक्षा अधिक ताकदीचे होते. तरीही ग्राहकांची नाराजी इतकी झाली, की २०२६ च्या मॉडेलमध्ये हेमी परत आणावे लागले. दुसरीकडे फोर्डने पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या एफ-१५० लाइटनिंगचे उत्पादन थांबवत असल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. तिच्या पुढच्या आवृत्तीत चाके विजेने फिरतील, पण वीज बनवण्यासाठी गाडीतच पेट्रोल इंजिन असेल. तेथील चित्र असे दोलायमान असले, तरी त्यावरून आपल्याकडचे अनुमान काढता येत नाही. तेथे ताकदीसाठी पैसे मोजणारा ग्राहक आहे. येथे किलोमीटरमागे पैसे मोजणारा.

छोट्या गाड्यांनी दाखवलेली वाट

आपल्याकडे पेट्रोल परतले ते वरच्या नव्हे, खालच्या पायरीवरून. २००५ मध्ये टाटा एस, अर्थात 'छोटा हाथी', आला तो दोन सिलिंडरांच्या, १६ अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनासह. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाले आणि डिझेलचा धूर गाळण्यासाठी महागडी यंत्रणा आवश्यक ठरली. मोठ्या गाडीच्या किमतीत हा खर्च सामावतो. चार-पाच लाखांच्या गाडीत तो डोईजड होतो. त्याच वर्षी टाटा एसमध्ये ३० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आले. मारुतीने सुपर कॅरीतील डिझेल बंद करून १.२ लिटरचे पेट्रोल व सीएनजीचे इंजिन ठेवले.

डिझेलच्या नव्या यंत्रणेची आणखी एक अडचण ग्रामीण भागात जाणवण्यासारखी आहे. धुरातील काजळी अडवणारी गाळणी वेळोवेळी तापवून स्वच्छ व्हावी लागते आणि त्यासाठी गाडी काही काळ सलग, वेगात चालणे आवश्यक असते. गाव ते बाजार समिती अशा आठ-दहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ती पुरेशी तापत नाही आणि तुंबू लागते. कमी भार आणि छोट्या फेऱ्या असतील तेथे पेट्रोल सोयीचे ठरते ते अशा कारणांनी. त्याच इंजिनावर सीएनजीही चालतो, हा आणखी लाभ. मात्र नेहमीच्या रस्त्यावर सीएनजीचा पंप आहे का, हे आधी पाहावे लागते. अशा छोट्या, ठरावीक फेऱ्यांसाठी विजेवर चालणाऱ्या गाड्याही आता स्पर्धेत आहेत.

मक्याचे इंधन आणि ब्राझीलचा धडा

मोठ्या पीकअपसाठी पेट्रोलची एकच आशा दिसते, आणि ती बुलढाण्याच्या शेताशी जोडलेली आहे. देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०१३-१४ मध्ये दीड टक्क्याच्या आसपास होते. २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेले. हे इथेनॉल आता केवळ उसाचे राहिलेले नाही, त्यात मक्याचा वाटा मोठा आहे. बुलढाणा हा विदर्भातील मका पिकवणारा महत्त्वाचा जिल्हा आहे.

इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असली, तरी ते अवेळी भडकत नाही. त्यामुळे खास इथेनॉलसाठी रचलेल्या इंजिनात अधिक दाब देता येतो आणि तुटीचा काही भाग भरून निघतो. ब्राझीलने हे करून दाखवले आहे. एक टनाहून कमी भार वाहणाऱ्या हलक्या वाहनांत डिझेल वापरण्यास तेथे १९७६ पासून मोजके अपवाद वगळता बंदी आहे. परिणामी फियाट स्ट्राडासारख्या छोट्या पीकअप पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालतात, आणि ही गाडी तेथील सर्वाधिक खपाच्या वाहनांपैकी आहे. पंपावर तेथील चालक एक साधा हिशेब करतो : इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तरच ते भरायचे. म्हणजे लिटरचा नव्हे, ऊर्जेचा भाव पाहायचा.

आपल्याकडे नेमका हाच दुवा हरवलेला आहे. इथेनॉल मिसळल्यावर लिटरमधील ऊर्जा घटली, पण त्या प्रमाणात ग्राहकासाठी भाव उतरला नाही. वरील मुंबईच्या भावांनुसार, दोन्ही इंजिने सारखीच कार्यक्षम मानली तरी २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल लिटरमागे ७७ रुपयांच्या आसपास मिळाले, तरच ते ९२ रुपयांच्या डिझेलच्या बरोबरीला येईल. हा फरक कर आणि इंधनधोरणाने कमी होणार की नाही, यावर पीकअपमधील पेट्रोल इंजिनाचे भवितव्य ठरेल.

तूर्त निष्कर्ष असा, की पाऊण टनापर्यंतचा माल आणि जवळच्या फेऱ्या असणाऱ्याने पेट्रोल किंवा सीएनजीचा विचार अवश्य करावा. दीड-दोन टन माल घेऊन घाट चढणाऱ्यासाठी मात्र डिझेलला आजही पर्याय नाही. दमदार पेट्रोल इंजिन कारखान्यात तयार आहे. ते पीकअपच्या बॉनेटखाली येण्यासाठी इंधनाच्या भावाची वाट पाहत आहे. मोताळ्याचा शेतकरी ज्या गाडीतून मका बाजारात नेतो, त्या गाडीला त्याच मक्याचे इंधन परवडावे, एवढीच त्यासाठीची अट आहे. आणि आज ती पुरी झालेली नाही.