चाहताच झाला चित्रकार

जपानमध्ये २००९ साली ‘वन’ या टोपणनावाच्या हौशी लेखकाने ‘वन-पंच मॅन’ ही चित्रकथा स्वतःच इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. चित्रं अगदीच ओबडधोबड. नायकाचं डोकं म्हणजे नुसतं अंडं. पण एका ठोशात शत्रू गारद होतो आणि म्हणूनच नायक बिचारा कंटाळलेला असतो, या कल्पनेवर वाचक फिदा झाले. त्यातलाच एक युसुके मुराता. हा काही नवशिका नव्हे. ‘आयशील्ड २१’ या चित्रकथेचा नावाजलेला चित्रकार. (शाळकरी वयात ‘मेगा मॅन’ या व्हिडिओ गेमसाठी खलनायक सुचवण्याच्या स्पर्धेत त्याने दोनदा बाजी मारली होती. म्हणजे चाहतेपणाची खोड जुनीच!) मुराताने स्वतःहून वनशी संपर्क साधला आणि २०१२पासून तीच कथा नव्याने रेखाटायला घेतली. पडद्यावर पानं भराभर उलटली की पात्रं हलताना दिसावीत, अशी सलग चित्रं त्याने काही भागांत काढली आहेत. २०१५मध्ये त्यावर अ‍ॅनिमे मालिकाही आली. तरी वनने आपली मूळ आवृत्ती गुंडाळली नाही. जमलं तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा. विनोदात मूळ वेडीवाकडी चित्रंच सरस आहेत.