लेझर कापतो, खाच कोण ठरवतं?

‘मशीननेच कापलंय ना, मग यात तुझं काय?’ दिल्लीत कला शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना हा प्रश्न परीक्षकांइतकाच घरूनही येतो. खरं म्हणजे लेझर फक्त आखलेल्या रेघेवरून जातो. रेघ कुठे हवी, हे त्याला कळत नाही.

घरच्यांना सांगायला एक गोष्ट आहे. लाकूड आणि ॲक्रिलिक कापणारा कार्बन डायऑक्साइड लेझर 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार केला तो कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंगची पदवी पुण्याची.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज असा, की स्क्रीनवर 3 मिमी आखलं म्हणजे 3 मिमीच मिळतं. किरण जाताना थोडं साहित्य जाळून टाकतो. त्यामुळे पडणारी फट मशीन आणि साहित्यानुसार साधारण 0.1 ते 0.3 मिमी असते. फट 0.2 धरली, तर 3 मिमी आखलेली खाच 3.2 ची होते आणि तीत बसणारी जीभ तेवढ्यानेच बारीक. जोड खुळखुळतो. त्यात ‘3 मिमी’ म्हणून विकत घेतलेला एमडीएफ नेमका 3 मिमी असेलच असं नाही. म्हणून आधी कॅलिपरने जाडी मोजायची, मग त्याच तुकड्यावर 2.7, 2.8, 2.9 अशा खाचा कापून पाहायच्या. संध्याकाळी लेझर कटिंगचं दुकान बंद होता होता फाइल घेऊन धावणाऱ्याला हे कोण सांगणार!

‘काहीही कापता येतं’ हेही खोटं. मॉडेलसाठी सर्रास वापरला जाणारा सनबोर्ड बहुधा पीव्हीसीचा असतो. तो लेझरखाली धरला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो; फुप्फुसांनाही घातक आणि मशीनलाही. चांगला दुकानदार तो परत करतो, त्याच्याशी वाद घालू नये.

हुमायूनच्या मकबऱ्यातली जाळी ट्रेस करून एमडीएफवर कापली की जाळी झाली, असंही अनेकांना वाटतं. सोळाव्या शतकातल्या त्या दगडी जाळीला जाडी आहे. उन्हाचा कोन बदलला की तिची भोकं वेगळा प्रकाश आत सोडतात. 3 मिमीच्या पत्र्यासारख्या फळीला ती खोली नाही. दोन-तीन थर अंतर ठेवून लावले, तर काही हाती लागतं.

देवनागरी कापणाऱ्यांनी मात्र दिल्लीहून जवळच असलेल्या मथुरेची सांझी पाहावी. कात्रीने कापलेल्या त्या कागदी साच्यांत प्रत्येक तुकडा कुठेतरी धरून ठेवलेला असतो. शब्द सुटा कापला तर शिरोरेषा अक्षरं एकत्र धरते, पण अनुस्वार गळून पडतो. स्टेन्सिल केलं, की ‘व’च्या पोटातला तुकडा निसटतो. त्याला पूल द्यावा लागतो, आणि तो कुठे द्यायचा हा निर्णय सर्वस्वी विद्यार्थ्याचा.

परीक्षकांसमोर काम मांडताना फक्त तयार वस्तू चकाचक ठेवायची, असा समज आहे. मी परीक्षक असतो तर फसलेले जोड आधी मागितले असते. जिच्यावर खाचा कापून पाहिल्या ती पट्टी शेजारी ठेवा, तिच्यावर मापं लिहा, कुठली निवडली आणि का ते दोन वाक्यांत सांगा. कडांची काजळी तेवढी आधी पुसून घ्या. ती परीक्षकांच्या बोटांना लागते.