घरचा सर्व्हर आणि घरातला खासगीपणा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी राउटरशेजारी एक जुना लॅपटॉप चोवीस तास चालू असतो. कुटुंबाचे फोटो, आईचे तपासणी-अहवाल, घराची कागदपत्रं त्याच्यावर आहेत.

लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली घातली, त्यावर अ‍ॅप्स चालवणारं डॉकर. फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, फोटोंसाठी इमिच. फोटोंतले चेहरे इमिच याच यंत्रावर ओळखतं, बाहेर काही धाडत नाही. पहिल्या खेपेस जुना प्रोसेसर त्यासाठी रात्रभर राबला.

बाहेरगावाहून घरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचणं मात्र अवघड. अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात. मग राउटरमध्ये पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर बेतलेल्या टेलस्केलनं वाट काढली. फोन आणि लॅपटॉप एकमेकांना गाठतात, मजकूर कूटबद्ध राहतो आणि सर्व्हर उघड्या इंटरनेटवर येत नाही.

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. वीज गेली की लॅपटॉपची बॅटरी वेळ निभावते, पण उष्णतेनं ती खराब होते. म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवलं, यंत्र तळमजल्यावर आणलं आणि राउटरला छोटा यूपीएस दिला.

फायलींची एक प्रत घराबाहेर हवीच. ती पुण्याला मावशीकडे जाते. रेस्टिक हे साधन फायली पाठवण्याआधीच कूटबद्ध करतं. त्यामुळे प्रत सांभाळणाऱ्या मावशीलाही आईचे अहवाल वाचता येत नाहीत. अधूनमधून एखादी फाइल तिथून परत आणून उघडून बघतो. त्याशिवाय बॅकअपवर भरवसा ठेवू नये.

सर्वांत नाजूक जागा मात्र घरातच आहे. सर्व्हर चालवणारा मी मनात आणलं तर कुणाचीही फाइल उघडू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. पण व्यक्तीनं घरगुती कामासाठी हाताळलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे. कंपनीला जाब विचारता येतो, तसा घरातल्या सर्व्हरवाल्याला कोण विचारणार?

म्हणून आम्ही नियम ठरवले. प्रत्येकाचं खातं वेगळं. आईच्या फायलींना तिच्या परवानगीवाचून हात लावायचा नाही. बॅकअपचा पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये, म्हणजे सगळं माझ्या एकट्याच्या हाती राहणार नाही. घरी सर्व्हर मांडणाऱ्यानं सॉफ्टवेअर निवडण्याआधी घरच्यांना एकत्र बसवून हे नियम ठरवावेत.