सरकारजमा झाल्यावर

२६ जून १९९६ रोजी डब्लिनजवळच्या नास रोडवर, सिग्नलला थांबलेल्या मोटारीत, व्हेरोनिका गेरिन या पत्रकार महिलेची गोळ्या घालून हत्या झाली. अमली पदार्थांच्या धंद्यावर गब्बर झालेल्यांचा ती पाठपुरावा करीत होती. हादरलेल्या आयर्लंडने त्याच वर्षी दोन कायदे केले. मालमत्ता गुन्ह्यातून आली असण्याचा संभव अधिक दिसत असेल, तर मालकाला शिक्षा झालेली नसली तरी न्यायालयाने ती गोठवावी आणि सात वर्षांनी सरकारजमा करता यावी, असे पहिल्याने ठरवले. दुसऱ्याने पोलीस, करखाते आणि समाजकल्याण खात्याचे अधिकारी एकत्र आणून ‘क्रिमिनल अ‍ॅसेट्स ब्युरो’ उभारला. या खुनाचा आरोप असलेला जॉन गिलिगन २००१ साली त्यातून सुटला. चरसच्या आयातीबद्दल मात्र त्याला दीर्घ शिक्षा झाली. त्याच्या मालमत्तेवरची न्यायालयीन लढाई सुमारे दोन दशके रेंगाळली.

शिक्षेविना मालमत्ता घेणे अन्यायाचे, हा आक्षेप गंभीर आहे. ‘दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष’ हे तत्त्व येथे बाजूला पडते. तरीही मला हा कायदा समर्थनीय वाटतो. माल पकडला की पोत्यामागचा हमाल तुरुंगात जातो, पैसा मात्र जमिनीत, सदनिकेत, नातलगांच्या नावावर शांत पडून राहतो. तो कुठून आला, याचा हिशेब ज्याच्याकडे आहे त्यालाच तो विचारावा लागणार. मात्र जप्तीचा पैसा जप्त करणाऱ्याच्याच तिजोरीत जाणार असेल, तर हे समर्थन कोसळते. आयर्लंडमध्ये तो ब्युरोला मिळत नाही, सरकारी तिजोरीत जातो. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने स्थानिक पोलिसांना केंद्राबरोबरच्या जप्तीत ८० टक्क्यांपर्यंत वाटा मिळण्याची सोय झाली. जप्ती किती टोकाला जाऊ शकते, ते इंडियाना राज्यातल्या टिम्स नावाच्या माणसाच्या खटल्यात दिसते. त्याने थोडे हेरॉइन विकले होते. त्या गुन्ह्याचा कमाल दंड १०,००० डॉलर. राज्याने मात्र त्याची ४२,००० डॉलरची गाडी मागितली, आणि ती तर वडिलांच्या विम्याच्या पैशांतून घेतलेली! बेसुमार दंडाची घटनात्मक मनाई राज्यांनाही लागू आहे, हे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात १९८९ साली मालमत्ता सरकारजमा करण्याचे प्रकरण आले. मालमत्ता वैध असल्याचे सिद्ध करण्याचा भार येथेही मालकावरच आहे. परंतु अधिकाऱ्याने गोठवलेली मालमत्ता सक्षम प्राधिकाऱ्याने ३० दिवसांत कायम केली नाही, तर तो आदेश गळून पडतो. तस्करांच्या मालमत्तेबाबतच्या १९७६ च्या कायद्याला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९९४ साली वैध ठरवले. मात्र नातलगांच्या मालमत्तेचा संबंध तस्कराच्या बेकायदा कमाईशी जुळला पाहिजे, हेही त्यात स्पष्ट केले. म्हणजे पत्नीने स्वतःच्या पगारातून घेतलेले घर केवळ नवरा तस्कर म्हणून जाऊ शकत नाही. सरकारजमा मालमत्तेच्या विक्रीतून येणाऱ्या पैशाचीही व्यवस्था अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ७-अ मध्ये आहे: तो राष्ट्रीय निधीत जमा होतो. त्याच निधीतून तस्करीविरोधी कारवाई करता येते आणि व्यसनाधीनांचे उपचार व पुनर्वसनही. या दोहोंत अग्रक्रम कोणाचा, हे कलम सांगत नाही. माझ्या मते पहिला वाटा उपचारांचा असावा, कारण जी रक्कम जप्त होते ती मुळात त्या व्यसनाधीनांच्या घरांतूनच निघालेली असते.