सहल घरच्यांची, सुट्टी आपलीही

सुट्टी लागली की पोरांचा एकच धोशा असतो, "आई, पुण्याला बागेत जाऊ या ना!" आज आपण त्या सहलीबद्दलच बोलू.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गटातली पाच घरं मिळून सारसबागेत गेलो. पहाटे साडेतीनला उठून आम्ही दशम्या, बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी बांधली. बागेत पोचल्यावर पुरुषमंडळी हिरवळीवर आडवी झाली, पोरं पळाली आणि आम्ही डबे राखत बसलो. वाढा, पाणी द्या, खरकटं आवरा. शौचालय शोधत फिरायला नको म्हणून आम्ही पाणीसुद्धा घोटभरच प्यायलो. येताना सगळ्यांची डोकी ठणकत होती.

त्यातच एका वहिनींचा सहा वर्षांचा मुलगा फुगेवाल्याच्या मागे गेला. पंधरा मिनिटांनी तो देवळाच्या पायऱ्यांशी सापडला. बोलणी मात्र वहिनींना बसली, "तुझं लक्ष कुठं होतं?" मुलाचे वडील शेजारीच झोपले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या मासिक बैठकीत वहिनी म्हणाल्या, "बागेत जाऊन आले, पण बाग काही पाहिली नाही." आम्ही सगळ्याच गप्प झालो. मग ठरवलं, पुन्हा जायचं, पण रीत बदलून. मे महिन्यात परत गेलो. काय बदललं, ते ऐका.

पहिली गोष्ट पैशाची. सहलीसाठी गटातून कर्ज काढायचं नाही. आम्ही सहा महिने प्रत्येकीने पन्नास रुपये वेगळे ठेवले, तीनशे जमले. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धंच. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, पण वयाचा पुरावा जवळ हवा. समजा पूर्ण तिकीट शंभर रुपये आहे. मग नवऱ्याचे शंभर, आपले पन्नास, सासूबाईंचे पन्नास, आठ वर्षांच्या मुलाचे पन्नास आणि शहात्तर वर्षांच्या सासऱ्यांचे काहीच नाही. पाच माणसांचं एका वेळचं भाडं अडीचशे रुपये. एसटीची ही सवलत पुण्यातल्या शहर बसला चालत नाही. पण स्वारगेटला उतरलं की सारसबाग जवळच आहे, चालत जाता येतं.

दुसरी गोष्ट कामाची. आदल्या रात्री घरात बसून कामं वाटून घ्या. बागेत जाऊन सांगितलं तर भांडण होतं. आमच्यात पाण्याच्या बाटल्या आणि सतरंजी पुरुषांकडे, पत्रावळ्या गोळा करणं मोठ्या मुलांकडे आणि लहानग्यांवर लक्ष एकेक तास पाळीने, त्यात वडीलही. खरं सांगायचं तर सगळ्या घरांनी ऐकलं नाही. दोन घरी जुनंच चाललं. पण तीन घरी बदललं, हेही थोडं नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. पोचल्याबरोबर आधी शौचालय कुठं आहे ते विचारून घ्या, सुटे पैसे जवळ ठेवा आणि दोघी-तिघी मिळून जा. पाणी मात्र पोटभर प्या. तहान मारून उन्हात दिवस काढला तर डोकं दुखतं, चक्कर येते, लघवीची जळजळही मागे लागू शकते.

चौथी गोष्ट मुलांची. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं, ती जागा आत शिरतानाच मुलांना दाखवा. लहान मुलाच्या दंडावर पेनाने मोबाईल नंबर लिहा. मूल दिसेनासं झालं तर एकीने ठरलेल्या जागी थांबायचं, बाकीच्यांनी शोधायचं आणि दारावरच्या रखवालदाराला लगेच सांगायचं. पोलिसांचा ११२ आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हे दोन्ही नंबर पाठ असू द्या.

या वेळी आम्ही देवळापर्यंत निवांत गेलो. या गणपतीला 'तळ्यातला गणपती' का म्हणतात? पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी इथं तळं बांधवलं होतं. तळ्याच्या मधल्या बेटावर १७८४ साली, सवाई माधवरावांच्या काळात, हे देऊळ झालं. आज जिथं पोरं खेळतात तिथं तेव्हा पाणी होतं. हे वहिनींनीच मुलाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "आई, तुला कसं माहीत?" वहिनी नुसत्या हसल्या. त्यांची पाळी संपली होती, मूल वडिलांच्या ताब्यात देऊन त्या कमळाच्या पाण्याशी अर्धा तास एकट्या बसल्या.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढंच विचारा, मागच्या सहलीत तू काय पाहिलंस? उत्तर आलं नाही, तर पुढची सहल वेगळी आखा.