राणी गेल्यावर पुढची कोण?

मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखरे लागतं. नाणेघाटाची वाट तिथून जवळच. गावातल्या एका ओसरीवर पाणी पीत बसलो होतो, तर वर वाशाला गांधीलमाश्यांचं तळहाताएवढं पोळं दिसलं. "आजी, चूड लावून काढत का नाही?" मी विचारलं. "डिवचलं नाही तर काय करतंय ते!" आजी म्हणाल्या.

आजींसारखं स्वस्थ बसून पोळ्याकडे पाहणारे शास्त्रज्ञही आहेत. 'रोपालिडिया मार्जिनाटा' ही आपल्याकडची लालसर, पोटावर पिवळा पट्टा असलेली गांधीलमाशी. पुण्याचे माधव गाडगीळ आणि अनिल महाबळ यांनी १९७४ साली 'करंट सायन्स'मध्ये तिच्यावर टिपण लिहिलं. पुढं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी तिच्यामागे आयुष्य घातलं. गंमत म्हणजे त्यांची डॉक्टरेट रेण्वीय जीवशास्त्रातली. माश्या हा आधी नुसता छंद! प्रत्येक माशीला रंगाचे ठिपके लावायचे आणि कोण काय करतं ते तासन्‌तास टिपून ठेवायचं, अशी ही कामाची रीत.

या घरात अंडी घालते एकटी राणी. बाकीच्या माद्या खाणं आणतात, लाकडाचा भुगा चावून कागदी भिंती बांधतात, राणीची पिल्लं वाढवतात. नर आठवडाभरातच घर सोडतात. कामाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. पण या माद्या काही वांझ नव्हेत. एकेकीला वेगळं ठेवलं तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी स्वतःचं पोळं बांधून अंडी घातली. मग दुसरीच्या घरी राबायचं कशाला?

हॅमिल्टननं १९६४ साली उत्तर दिलं होतं: नात्यासाठी. बहिणीची पिल्लं वाढवली तरी आपलाच वंश पुढं जातो. पण इथं राणी एकाहून अधिक नरांशी संग करते, मधूनच राण्या बदलतात, त्यामुळे नातं पातळ होतं. गदगकरांचा हिशेब मला अधिक पटतो. अंड्यापासून माशी व्हायला दोन महिने लागतात. एकटी आई मध्येच मेली, तर सगळी मेहनत वाया. भरल्या घरात एक गेली तरी तिनं निम्मं वाढवलेलं पिल्लू दुसरी सांभाळते.

राणी मात्र धाकदपटशा करत नाही. ती आहे याची खूण म्हणून पोळ्यावर आपला गंध लावत फिरते. तिला उचलून नेलं, की अर्ध्या तासाच्या आत एक कामकरीण अंगावर धावून जाऊ लागते. काही दिवसांत शांत होऊन हीच राणी! आलोक बंग आणि गदगकरांनी २०१२ मध्ये दाखवलं, की नव्या राणीलाही काढत गेलं तर एकामागून एक अशा पाच वारसदार पुढं येतात, आणि बाकीच्या कुणी भांडत नाहीत. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवताना काय होतं ते सांगायला नको. राणी असताना मात्र ही वारसदार चारचौघींसारखीच वागते. माश्यांना ती ठाऊक असावी; पाहणाऱ्याला मात्र राणी हलवल्याशिवाय ओळखता येत नाही.