हमी आणि स्वीकृती : लघुउद्योग-साहाय्यातील दोन संज्ञा

विकसनशील देशांतील लघुउद्योगांच्या साहाय्यसेवांचा विचार सामान्यतः भांडवल, यंत्रसामग्री, प्रशिक्षण व बाजारपेठ या चार अंगांनी केला जातो. भारतात या सेवांची चौकट १९५४ पासून उभी राहत गेली. फोर्ड प्रतिष्ठानाच्या शिफारशींनुसार त्या वर्षी लघुउद्योगांसाठी विकास आयुक्तांचे कार्यालय स्थापन झाले; १९५५ मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग निगम व १९७८ मध्ये जिल्हा उद्योग केंद्रे आली. या सेवांचे पाचवे अंग म्हणजे त्यांची भाषा. ज्या शब्दांत सेवा मांडली जाते त्यांचा नेमका अर्थ उद्योजकास उमगला नाही, तर ती सेवा असून नसल्यासारखीच होय. दोन संज्ञांच्या आधारे हे पाहता येईल.

पहिली संज्ञा ‘हमी’. हमी कोणी दिली, कोणास दिली आणि कशाची दिली, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवाचून या शब्दाचा अर्थ पुरा होत नाही. केंद्र सरकार व सिडबी यांनी २००० साली स्थापिलेल्या पतहमी न्यासाच्या योजनेत लहान उद्योजकास तारणावाचून कर्ज मिळू शकते. ‘सरकारी हमीचे कर्ज’ या शब्दप्रयोगात मात्र ‘कोणास’ हे पद लुप्त आहे. ते पद ऋणको स्वतःच्या नावाने भरून घेण्याचा संभव असतो. वस्तुतः ही हमी बँकेस दिलेली असते. कर्ज थकल्यास न्यास बँकेच्या हानीचा ठरावीक अंश भरून देतो. ऋणकोचे देणे त्यामुळे फिटत नाही.

दुसरी संज्ञा ‘स्वीकृती’. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने सूक्ष्म व लघु पुरवठादारांना वेळेवर पैसे मिळण्याचा हक्क दिला. मुदत मोजावयाची ती मालाच्या स्वीकृतीपासून. व्यवहारात स्वीकृती म्हणजे ग्राहकाने ‘माल पसंत आहे’ असे कळविणे. कायद्याचा अर्थ निराळा आहे : माल पोचल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असे मानले जाते. हीच ‘मानीव स्वीकृती’.

समजा, कोल्हापूरच्या एखाद्या लहान ओतशाळेने १ जून रोजी सुटे भाग पोचते केले. लेखी करार नाही, लेखी हरकतही नाही. अशा वेळी १६ जूनपर्यंत पैसे चुकते झाले पाहिजेत. लेखी करार असल्यास ठरलेली मुदत लागू होते, परंतु तीही स्वीकृतीपासून ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते आणि पुरवठादारास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. जो पुरवठादार ग्राहकाच्या तोंडी पसंतीची वाट पाहत बसतो, त्याची मुदत त्याच्या नकळत उलटून गेलेली असते. इकडे कामगारांची मजुरी व कच्च्या मालाची देणी मात्र थांबत नाहीत.

यावरून असे दिसते की, अशा संज्ञांना केवळ मराठी प्रतिशब्द देऊन काम भागत नाही. ‘हमी’ आणि ‘स्वीकृती’ हे शब्द परिचित आहेत, आणि घोटाळा होतो तो त्या परिचयामुळेच. अपरिचित शब्दाचा अर्थ माणूस विचारतो. परिचित शब्दाचा तो गृहीत धरतो. म्हणून साहाय्यसेवांच्या पत्रकांत प्रत्येक संज्ञेपुढे देणारा, घेणारा, मुदत आणि तारखांसह एक उदाहरण असावे. अशा कोशाची सिद्धता अर्थशास्त्र व भाषाविज्ञान या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून हाती घेण्याजोगी आहे.